धागा: नागपूरची रात्रीची टपाल विमानं आणि पंख्यांच्या जमान्यातलं उड्डाण

सोनेगाव_रनवे

जेट येण्याआधीच्या विमानप्रवासाच्या आठवणी निघाल्या की बोलणं चांदीचे काटे-चमचे, टाय बांधलेले प्रवासी आणि खिडकीतून दिसणारा पंखा यांवर थांबतं. त्या काळातली महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र नागपूरला मध्यरात्री घडत होती. ती नीट लिहून ठेवावी म्हणून हा धागा.

३० जानेवारी १९४९ ला रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रोज रात्री एकेक विमान निघायचं. चारही विमानं सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, एकत्र यायची, थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल व्हायची आणि प्रत्येक विमान पहाटे आपल्या शहरी परतायचं. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांनी ही योजना रेटून नेली. १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत साधी पत्रंही जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली, आणि या सेवेला खरं वजन आलं. सुरुवातीला खासगी कंपन्यांनी ती चालवली. १९५३ मध्ये आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन झाल्यावर ती तिकडे गेली.

नागपूरच का, तर अंतरं बघा. सरळ रेषेत मुंबई सुमारे ६८५ किमी, दिल्ली ८५५, मद्रास ९१०, कलकत्ता ९८५. डकोटाचा (डीसी-३, दोन इंजिनांचं पंख्याचं विमान) क्रूझ वेग, म्हणजे सरळ उडतानाचा वेग, ताशी २५० किमीच्या आसपास धरला, तर मुंबईचं विमान पावणेतीन तासांत पोचतं आणि कलकत्त्याचं चार तासांत. म्हणजे कलकत्त्याने सव्वा तास आधी निघायचं, की सगळे एका वेळी नागपुरात.

हिशेबही साधा आहे. चार शहरं थेट जोडायची तर सहा जोड्या, जाऊन-येऊन बारा फेऱ्या. नागपूर मध्ये घातलं की आठ फेऱ्यांत सगळ्यांची पत्रं सगळ्यांना. फेडरल एक्स्प्रेसने मेम्फिसला हीच मांडणी १९७३ मध्ये केली. आपल्या टपाल खात्याने ती चोवीस वर्षं आधी केली होती, याचा अभिमान वाटायला हवा.

जाणकारांनी तांत्रिक बाजू लिहावी. डकोटा म्हणजे नक्की काय चालवावं लागायचं?

टपालथैली

उत्तम धागा. अदलाबदलीबद्दल थोडं लिहितो.

प्रत्येक विमानात तीन शहरांच्या थैल्या वेगवेगळ्या रचलेल्या असायला हव्यात. चार विमानं, प्रत्येकी तीन दिशा, म्हणजे फलाटावर बारा प्रवाह एकमेकांना छेदतात. एक थैली चुकीच्या ढिगाऱ्यात पडली की ती चुकीच्या शहरात जाणार आणि पुढच्या रात्री पुन्हा नागपूरमार्गेच सुटणार, म्हणजे पूर्ण एक दिवस वाया. म्हणून वर्गवारी निघायच्या गावीच पक्की करायची आणि नागपुरात फक्त उचलून ठेवायचं.

विमान उभं असताना डकोटाची जमीन तिरपी असते. शेपटीचं चाक खाली, नाक वर. दार डाव्या बाजूला मागे. म्हणजे थैली आत घेतली की पुढे चढावरून न्यायची. आळस केला आणि जड थैल्या दाराजवळच टाकल्या, तर गुरुत्वमध्य मागे सरकतो. मग धावपट्टीवर शेपूट वेळेवर उचलत नाही, आणि हवेत गेल्यावर विमान नाक वर करत राहतं, पायलटला सारखं दांडकं पुढे रेटून धरावं लागतं. जड माल पुढे, वर जाळी, जाळीचे दोर जमिनीतल्या कड्यांना. जाळी सैल असेल तर नाक उचलताना थैल्या मागे घसरतात, आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो.

वजनाचा अंदाज: कमाल उड्डाण वजन सुमारे १२,२०० किलो, रिकामं विमान ७,९०० च्या आसपास. कलकत्त्याच्या टप्प्याला राखीव धरून ५०० अमेरिकन गॅलन पेट्रोल घेतलं तर १,३५० किलो. तेल २००, चालक मंडळी आणि त्यांचं सामान ३००. उरले साधारण अडीच टन. त्यातच टपाल आणि त्यातच प्रवासी.

रेडियल_१४

आता इंजिनावर येतो, कारण त्या काळाचा जीव तिथे होता.

डकोटाचं इंजिन प्रॅट अँड व्हिटनी आर-१८३० ट्विन वास्प. सात-सात सिलिंडरांच्या दोन ओळी, एकूण १४, आकारमान ३० लिटर, उड्डाणाच्या वेळी १,२०० अश्वशक्ती. सिलिंडर गोलाकार मांडलेले, त्यामुळे काही सिलिंडर खाली डोकं करून लटकलेले. सगळी भानगड या खालच्या सिलिंडरांत.

इंजिन तास-दोन तासांहून जास्त बंद राहिलं की तेल झिरपून तिथे साचतं. तेल दाबलं जात नाही. पिस्टन वर येऊ पाहतो, तेल अडवतं. स्टार्टरने जोर लावला तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. वाईट भाग असा, की तो लगेच तुटत नाही. इंजिन चालू होतं, काही तास नीट चालतं आणि मग हवेत कधीतरी रॉड सुटतो. म्हणून चालू करण्याआधी पंखा हाताने फिरवायचा. मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) बंद, मिक्श्चर (हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारा लिव्हर) बंद, दोन माणसं, एकेक पातं खाली ओढत.

किती पाती? पंख्याचं गिअरिंग १६:९ आहे, म्हणजे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) १६ फेऱ्यांत पंख्याच्या ९. इंजिनाचं पूर्ण आवर्तन क्रँकच्या दोन फेऱ्यांत होतं, म्हणजे पंख्याची सव्वा फेरीसुद्धा नाही, साडेतीनच्या आत पाती. चार पात्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा दाबाखालून जातो. तरी नऊ ते पंधरा पाती ओढायचा रिवाज होता आणि तो योग्य होता, कारण तेल हळूहळू सरकतं.

पातं अडकलं तर जोर लावायचा नाही. खालच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढायचा, तेल खाली बादलीत सोडायचं, प्लग पुसून परत लावायचा.

नवशिका_प्रवासी

पातं अडकलं तर उलटं फिरवून मोकळं करता येणार नाही का? प्लग काढण्यापेक्षा सोपं वाटतं.

रेडियल_१४

नाही, हे सगळ्यात धोक्याचं. उलटं फिरवलं की ते तेल इनटेक व्हॉल्व्हमधून इनटेक पाइपात ढकललं जातं. पंखा मोकळा फिरतो, तुम्हाला वाटतं काम झालं. इंजिन चालू झालं की तेच तेल एका झटक्यात परत सिलिंडरमध्ये ओढलं जातं, आणि आता पिस्टन पूर्ण वेगात असतो. प्लग काढण्याला पर्याय नाही.

चालू करण्याचा क्रम लिहितो. सहसा उजवं इंजिन आधी, कारण दार डावीकडे आहे आणि तिथे माणसं वावरत असतात. अग्निशामक घेऊन एक जण समोर, पायलटला दिसेल असा. काउल फ्लॅप (इंजिनाच्या आवरणाची हवा सोडणारी झडपं) उघडे, पंख्याचा लिव्हर पूर्ण पुढे, थ्रॉटल जेमतेम उघडा, मिक्श्चर बंद. इंधनाचा दाब १५ पाउंडांच्या आसपास. स्टार्टरचं चाक आधी गरगरवून घ्यायचं, मग इंजिनाला जोडायचं, बरोबर प्रायमर (सुरुवातीचं पेट्रोल फवारणारा पंप). दोन-तीन पाती गेली की मॅग्नेटो चालू. इंजिनाने पेट घेतला की मिक्श्चर ऑटो रिचला, म्हणजे पेट्रोल जास्त असलेल्या मिश्रणावर. निळसर पांढऱ्या धुराचा लोट येतो, तो त्याच खालच्या सिलिंडरांतल्या तेलाचा, घाबरायचं कारण नाही. डोळे तेलाच्या दाबावर. ३० सेकंदांत काटा हलला नाही तर बंद करायचं, दुसरा विचार नाही.

मग १,००० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) तेल ४० अंश होईपर्यंत थांबायचं. थंड तेल घट्ट असतं, बेअरिंगपर्यंत पोचत नाही.

मॅग्नेटो_एल_आर

रन-अपबद्दल, म्हणजे उड्डाणाआधी इंजिन जोरात चालवून तपासण्याबद्दल, भर घालतो. फील्ड बॅरोमेट्रिक ही पद्धत फार हुशारीची होती. इंजिन बंद असताना मॅनिफोल्ड प्रेशरचा (सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या इंचांत) काटा बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटरवर, म्हणजे काटा साधारण २८.८ इंचांवर. रन-अपला थ्रॉटल उघडून काटा परत त्याच आकड्यावर आणायचा आणि आरपीएम वाचायचे. निरोगी इंजिन दर वेळी तोच आकडा देतं. ५०-६० आरपीएम कमी आले तर एखादा सिलिंडर काम करत नाहीये.

त्यानंतर मॅग्नेटो एकेक करून. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, एका इंजिनात २८, विमानात ५६. एक मॅग्नेटो बंद केल्यावर घट १०० आरपीएमपर्यंत चालते. एकदम जास्त घट झाली आणि इंजिन थडथडलं तर प्लग खराब. एकही आरपीएम घट झाली नाही तर त्याहून वाईट: याचा अर्थ मॅग्नेटो बंदच होत नाहीये, अर्थिंगची तार तुटली आहे. असा पंखा उभा असताना हात लावला तरी इंजिन पेट घेऊ शकतं.

प्लग खराब होण्याचं मुख्य कारण शिसं. १००/१३० प्रतीच्या पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड असायचं. ते बाहेर वाहून नेणारं रसायनही पेट्रोलमध्येच असतं, पण ते काम करायला उष्णता लागते. विमान रांगेत बराच वेळ कमी आरपीएमवर उभं राहिलं की शिसं प्लगवर चिकटतं. उपाय म्हणजे आरपीएम वाढवायचे, मिक्श्चर थोडं पातळ करायचं आणि मिनिटभर जाळून काढायचं. तरी घट राहिली तर विमान परत न्यायचं.

वैनगंगा

नागपूरचा उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात मध्यरात्रीही हवा ३२-३५ अंशांवर असते. सुपरचार्जर (हवा दाबून इंजिनात भरणारं यंत्र) असल्याने मॅनिफोल्ड प्रेशर ४८ इंच पूर्ण मिळतं, काटा सगळं ठीक दाखवतो. पण गरम हवा विरळ असते. प्रमाण तापमानापेक्षा कार्ब्युरेटरची हवा साडेपाच अंश जास्त असली की सुमारे एक टक्का शक्ती जाते, म्हणजे मेमधल्या रात्री तीन-चार टक्के काट्यावर न दिसता गेलेले. पंखेही त्याच विरळ हवेत फिरतात, पंखही. वजनाच्या कोष्टकात हे धरलं नाही तर धावपट्टीच्या शेवटी कळतं.

आणि एक इंजिन गेलं तर? १२ डिसेंबर १९५३ ला मद्रासकडे निघालेला टपालाचा डकोटा नागपूरहून उडताच कोसळला, १३ जण गेले. उड्डाणानंतरची पहिली मिनिटं या विमानाची सगळ्यात नाजूक वेळ.

रेडियल_१४

बरोबर. म्हणून फेदरिंगची (बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याच्या रेषेत वळवण्याची) कवायत झोपेतसुद्धा यावी अशी पक्की करून घेत. बंद पडलेलं इंजिन पंख्याला हवेत नुसतंच गरगरू देतं आणि तो पंखा मोठ्या ब्रेकसारखा ओढतो. विमान त्या बाजूला वळू लागतं, पायलट विरुद्ध बाजूचा रडर (शेपटीच्या सुकाणूचा पायातला पेडल) दाबतो. आता जो पाय मोकळा, त्याच बाजूचं इंजिन मेलेलं. ही खूण काट्यांपेक्षा भरवशाची, कारण सुपरचार्जरचं बंद इंजिन वाऱ्याने फिरत असताना मॅनिफोल्ड प्रेशर आणि आरपीएम दोन्ही जवळजवळ पूर्वीसारखे दाखवू शकतं.

खात्रीसाठी त्या बाजूचा थ्रॉटल मागे घ्यायचा. काहीच फरक पडला नाही तर ओळख पटली. मग लाल बटण. बटण दाबलं की विजेवरचा पंप पंख्याच्या डोममध्ये तेल घुसवतो, पाती वाऱ्याच्या रेषेत वळतात आणि बटण आपोआप बाहेर येतं. मिक्श्चर बंद, इंधन बंद, मॅग्नेटो बंद. गडबडीत चांगल्या इंजिनाचं बटण दाबलं गेल्याचे प्रसंग जगभर घडलेत. म्हणून बोट बटणावर ठेवून दुसऱ्या पायलटकडून होकार घ्यायचा.

या पंपाचं तेल इंजिनाच्याच टाकीतून येतं. टाकीच्या तळाला त्यासाठी थोडं तेल राखून ठेवलेलं असतं, जेणेकरून गळतीत बाकी सगळं तेल गेलं तरी पंखा फेदर करता यावा.

टपालथैली

पेट्रोलमधलं पाणी हा पावसाळ्यातला मुद्दा. पेट्रोल पिंपातून भरायचं असेल तर पंखावर चढून शॅमॉय चामड्यातून गाळत. भिजवून पिळलेलं नाही, तर आधी पेट्रोलमध्येच बुडवलेलं चामडं लागतं. त्यातून पेट्रोल खाली जातं आणि पाणी वर थेंब होऊन थांबतं. भरून झाल्यावर टाकीच्या तळाचा नळ उघडून बाटलीत नमुना घ्यायचा. १००/१३० हिरवं असतं, पाणी तळाला वेगळं दिसतं. सगळी बाटलीच पाण्याची असेल तर मात्र सीमारेषा दिसत नाही आणि नमुना स्वच्छ वाटतो. म्हणून रंग बघायचा, नुसती रेषा नाही.

नवशिका_प्रवासी

प्रवाशांच्या बाजूने कोणी लिहील का? हे सगळं केबिनमध्ये बसून कसं जाणवायचं?

वैनगंगा

डकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती. त्यामुळे आठ-नऊ हजार फुटांवरूनच जायचं, म्हणजे हवामानाच्या आतून. दिवसा तापलेल्या जमिनीवरून वर येणारी हवा विमान सतत हिसकवते, कागदी पिशव्या वापरात येतात. रात्री जमीन निवते, हवा थर धरून शांत होते. उन्हाळ्या-हिवाळ्यातला रात्रीचा प्रवास दिवसापेक्षा पुष्कळ सुखाचा.

कानांसाठी उतरण मिनिटाला ३०० फुटांची ठेवावी लागते. नागपूरला साडेसात हजार फूट उतरायचे तर २५ मिनिटं, म्हणजे १०० किमी आधीच उतरायला सुरुवात. गोळ्या-चॉकलेटं आणि कापूस वाटायचे ते यासाठी, चघळल्याने कानाची नळी उघडते.

आणि आवाज. दोन पंख्यांचे आरपीएम किंचित वेगळे असले की केबिनभर "वूं... वूं... वूं" अशी लाट येते. को-पायलट एका पंख्याचा लिव्हर अगदी केसभर हलवतो, लाट लांबत जाते आणि शेवटी एकसंध गुंजन उरतं. झोप लागते ती तेव्हा.

मॅग्नेटो_एल_आर

हळू उतरण्याला इंजिनाचंही कारण आहे. थ्रॉटल पूर्ण मागे घेऊन नाक खाली केलं तर इंजिन पंख्याला फिरवण्याऐवजी पंखा इंजिनाला फिरवतो. मास्टर रॉडच्या (बाकीचे रॉड ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य रॉडच्या) बेअरिंगवरचा भार उलटतो आणि तेलाची फिल्म तुटते, शिवाय गरम सिलिंडर एकदम थंड पडून त्यांना तडे जातात. नियम होता, दर १०० आरपीएममागे निदान एक इंच. २,०५० आरपीएमवर क्रूझ करत असाल तर साडेवीस इंचांच्या खाली जायचं नाही.

शक्ती कमी-जास्त करण्याचा क्रमही असाच पक्का. वाढवताना आधी आरपीएम, मग थ्रॉटल. कमी करताना आधी थ्रॉटल, मग आरपीएम. क्रम उलटला तर कमी आरपीएमवर दाब जास्त होतो आणि डेटोनेशनने (सिलिंडरमध्ये मिश्रणाचा एकदम स्फोट होऊन) पिस्टनला भोक पडू शकतं.

ढगांच्या_खाली

पावसाळी रात्रीबद्दल लिहितो. दिशा दाखवायला रेडिओ कंपास. जमिनीवरच्या बीकनकडे सुई वळते. वीज कडाडली की तीही त्याच लहरींवर गोंगाट करते, मग सुई स्टेशन सोडून वादळाकडे वळते. अनुभवी माणूस हेडफोनमध्ये स्टेशनची मोर्स ओळख ऐकत राहतो. ओळख स्पष्ट ऐकू येत असतानाच सुईवर भरवसा. सूर्यास्त-सूर्योदयाच्या सुमाराला वरच्या थरातून परतणाऱ्या लहरींमुळे सुई भटकते, त्यामुळे पहाटे परतताना मुंबईजवळ जपून.

दुसरं, बर्फ. बाहेर १० अंश, ढगात पूर्ण दमट हवा, आणि तरी कार्ब्युरेटरमध्ये बर्फ. थ्रॉटलच्या फटीतून जाताना हवा थंड होते. डकोटाच्या स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल थ्रॉटलच्या पलीकडे फवारलं जातं, त्यामुळे धोका साध्या कार्ब्युरेटरपेक्षा कमी, पण संपलेला नाही. खूण एकच: थ्रॉटलला हात न लावता मॅनिफोल्ड प्रेशर घसरू लागणं. लगेच कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा). उशीर केला तर इंजिनच गार पडतं आणि बर्फ वितळवायला उष्णताच उरत नाही.

दाबोळी

लांबच्या प्रवासाची पंख्यांची विमानं राहिली. एअर इंडिया इंटरनॅशनलची पहिली मुंबई-लंडन सेवा ८ जून १९४८ ला कैरो, जिनिव्हा मार्गे लॉकहीड कॉन्स्टेलेशनने गेली. पुढे सुपर कॉन्स्टेलेशन आली, तिचं राइट आर-३३५० टर्बो कंपाउंड म्हणजे पिस्टन इंजिनाची शेवटची पायरी. १८ सिलिंडर, जवळपास ५५ लिटर. सहा-सहा सिलिंडरांचा धूर एकेका टर्बाइनवर सोडायचा आणि ती शक्ती फ्लुइड कपलिंगमधून परत क्रँकला द्यायची, अशा तीन टर्बाइन प्रत्येक इंजिनावर. पेट्रोल वाचायचं, उष्णतेचा त्रास मात्र वाढला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळणं हा तिचा नेहमीचा आजार. चार इंजिनांचे मिळून १४४ प्लग, म्हणून फ्लाइट इंजिनिअरसमोर एक छोटा पडदा असायचा, ज्यावर हवेतच कोणता प्लग बिघडला ते दिसत असे. रात्री तो ज्वाळेकडेही बघायचा: निळसर आखूड ज्वाळा म्हणजे मिश्रण योग्य, पिवळी-तांबडी लांब म्हणजे पेट्रोल जास्त.

१९५७ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे व्हायकाउंट आली आणि देशातला प्रवास पालटला. रोल्स-रॉइस डार्ट टर्बोप्रॉप, केबिनमध्ये दाब, ताशी ५०० किमी, मोठ्या लंबगोल खिडक्या. पंखे होतेच, पण वर-खाली धावणारे पिस्टन गेले आणि थरथर गेली. माझ्या मते खरी सीमा तिथे आहे, बोइंग ७०७ जेटवर नाही.

नवशिका_प्रवासी

यातलं काही आज बघायला मिळतं का?

दाबोळी

गोव्यात नौदलाच्या हवाई संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन उभी आहे. आधी एअर इंडियाची, मग हवाई दलाची, १९७६ मध्ये नौदलाकडे. बोगमाळोच्या रस्त्याला आहे, उघड्यावर, त्यामुळे सकाळी लवकर जा. तीन शेपट्या सगळेच बघतात. त्या तीन आहेत कारण एकच उंच शेपूट त्या काळच्या हँगरच्या दारातून गेली नसती. तुम्ही इंजिनाच्या मागे जाऊन उभे राहा. इंजिनाच्या आवरणाच्या मागच्या कडेला काउल फ्लॅपची झडपं दिसतील. मग पुढे येऊन पंख्याच्या मागून आत डोकावा, सिलिंडरचे पातळ कूलिंग फिन दिसतात का बघा. मागच्या ओळीपर्यंत हवा पोचवायला किती अरुंद वाट आहे, ते तिथे कळतं.

डकोटा हवा असेल तर हवाई दलाचा व्हीपी ९०५ "परशुराम" आहे. इंग्लंडमध्ये पूर्ण दुरुस्त करून २०१८ मध्ये तो उडत भारतात आणला. त्याची इंजिनं चालू होताना जवळून ऐकायला मिळालं तर आधी पाती मोजा आणि मग पहिला धूर कुठून येतो ते बघा.

सोनेगाव_रनवे

सगळ्यांचे मनापासून आभार. @ढगांच्या_खाली, मुंबई-नागपूर टप्प्यात घाट ओलांडताना किमान उंची किती धरत आणि पावसाळ्यात पर्यायी विमानतळ कोणता ठेवत, यावर वेगळं लिहाल का? तो भाग इथे कोणी दिलेला नाही.